पकड की ठोसा? कुस्ती, जुजित्सू, बॉक्सिंग, कराटे सुरू करायच्या आधी नागपुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

शाळेत असताना कराटे केलं, मग काही वर्षं बॉक्सिंग, अन् मागची नऊ वर्षं जुजित्सूच्या मॅटवर आहे, आता शिकवतोही. संध्याकाळची बॅच सुटली की दारात कोणी ना कोणी उभं असते, कधी कॉलेजचा पोट्टा, कधी मुलीला घेऊन आलेली आई, कधी मिहानमधून थेट ऑफिसच्या कपड्यात आलेले दादा, अन् प्रश्न तेच असतात. म्हणून एकदा सगळे इथे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, तुमच्या उस्तादांचं मत वेगळं असेल तर त्यांनाही नक्की विचारा.

ग्रॅपलिंग अन् स्ट्रायकिंग म्हणजे नेमकं काय?

स्ट्रायकिंग म्हणजे मारणं. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, मुए थाय हे सगळे त्यात. बॉक्सिंगमध्ये फक्त मुठी, मुए थायमध्ये मुठी, कोपरं, गुडघे अन् नडग्या. ग्रॅपलिंग म्हणजे पकडणं, पाडणं, दाबून ठेवणं, सांधा वळवणं किंवा गळा आवळणं. आपली कुस्ती, ज्युडो, ब्राझिलियन जुजित्सू, रशियाचं सांबो हे त्यात. वुशू सांडामध्ये दोन्ही थोडं थोडं आहे, ठोसे-लाथाही अन् पाडणंही.

तुम्ही शाळेत कबड्डी खेळले असाल तर ग्रॅपलिंग तुम्हाला अर्धं माहीतच आहे. रेडरचा घोटा धरणं, मांडीला मिठी मारून मागे रेटणं, हे आमच्याकडे पहिल्याच महिन्यात शिकवतात अन् कबड्डीवाले पोट्टे ते एवढ्या सहज करतात की जुने लोक पाहत राहतात.

मग दोघांत भारी कोण?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. सरळ सांगायचं तर, ज्याला समोरच्याचा खेळ माहीतच नाही तो हरतो.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे ठोसा, लाथ, पकड सगळं चालणारी स्पर्धा. तिथे ८० किलोच्या आसपासच्या जुजित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना हरवलं. त्यातला पहिला आर्ट जिमरसन हा बॉक्सर होता, तो एकाच हातात ग्लोव्ह घालून आला अन् खाली दाबल्या गेल्यावर त्याने टॅप केलं, म्हणजे हाताने थापा मारून सोडायला सांगितलं. फायनलला सवात (फ्रान्सचा लाथा-ठोशांचा खेळ) अन् कराटेवाला जेरार्ड गोर्डो होता, त्याचा गळा आवळला. कोणालाच कळत नव्हतं की जमिनीवर पडल्यावर करायचं काय. ठोसा हा पायातून येतो, पाय जमिनीत रोवलेले पाहिजेत, कंबर फिरायला जागा पाहिजे. छातीवर माणूस बसला की पायही गेले अन् जागाही गेली, उरला फक्त हाताचा जोर, अन् त्याने काही होत नाही.

हीच गोष्ट २०१० ला परत दिसली. जेम्स टोनी, वेगवेगळ्या वजनगटांत बॉक्सिंगचा जागतिक चॅम्पियन राहिलेला माणूस, यूएफसीत कुस्तीवाल्या रँडी कुटूरसमोर उतरला. कुटूरने लगेच पाय धरला, पाडलं अन् पहिल्याच राऊंडमध्ये गळा आवळून खेळ संपवला.

पण एवढं ऐकून बॉक्सिंगवाल्यांना कमी समजू नका. रोंडा राऊझी २००८ च्या ऑलिंपिकची ज्युडोची ब्राँझवाली, हात लॉक करून कितीतरी फाईट्स मिनिटाभरात संपवायची. नोव्हेंबर २०१५ ला मेलबर्नला तिच्यासमोर हॉली होम आली. होम जुनी बॉक्सर, ती सरकत राहिली, राऊझी पकडायला धावत राहिली अन् दरवेळी तोंडावर ठोसा खात राहिली, दुसऱ्या राऊंडला डोक्यावर लाथ बसली अन् खेळ खल्लास. पकड घ्यायला आधी जवळ जावं लागते, अन् जवळ जायचा रस्ता ठोशांच्या खालून जातो.

अन् दोघांनी आपापलाच खेळ धरून ठेवला तर काय होते ते पाहायचं असेल तर २६ जून १९७६, टोकियो, मुहम्मद अली विरुद्ध अंतोनियो इनोकी. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायावर लाथा मारत राहिला, अली उभाच राहिला, १५ राऊंड असंच, शेवटी बरोबरी. अलीच्या पायांची मात्र वाट लागली.

मी एकदम नवीन आहे, आधी काय शिकू?

माझं उत्तर: आधी सहा-आठ महिने पकड, मग ठोसा. एकच कारण आहे अन् ते डोक्याचं आहे.

ग्रॅपलिंगमध्ये तुम्ही पहिल्या महिन्यापासून जवळजवळ पूर्ण ताकदीने, खरोखर विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव करू शकता. तो निसटायचा खरा प्रयत्न करतो, तुम्ही धरायचा खरा प्रयत्न करता, कोणी अडकलं की टॅप, हात सोडला, परत सुरू. एका संध्याकाळी अशा पाच-सहा झटापटी झाल्या तरी दुसऱ्या दिवशी माणूस ऑफिसला जातो. बॉक्सिंगमध्ये पूर्ण ताकदीने रोज सराव करता येत नाही, केला तर डोकं जाते. म्हणून नवीन माणूस बॅगवर अन् पॅडवर मारत राहतो, ते छान दिसते, घामही निघतो, पण बॅग उलटून मारत नाही.

नुसतं ग्रॅपलिंग करून मात्र थांबू नका. ज्याने कधी तोंडावर हलका ठोसाही खाल्ला नाही तो पहिल्या ठोशाला डोळे मिटतो अन् मान वळवतो, मग त्याला येणारे सगळे डाव डोक्यातच राहतात. डोळे उघडे ठेवायची सवय बॉक्सिंगच लावते, अन् ती हलक्या, सांभाळून केलेल्या स्पारिंगमध्येही, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीतही लागते.

टॅप करणं म्हणजे हार मानणं ना? लाज वाटते.

टॅप म्हणजे "कळलं, सोड". हाताने दोन-तीन थापा, हात अडकला असेल तर तोंडाने ओरडा. मी आजही करतो. टॅप उशिरा करणाऱ्यांचे खांदे अन् कोपरं मी पाहिलेत, दोघांनी तर पूर्ण खेळच सोडला.

आमच्या आखाड्यातला पैलवान जुजित्सूवाल्याला लोळवेल ना?

उभ्याने? बहुतेक वेळा हो. मातीत लहानपणापासून वाढलेल्या पोट्ट्याचा तोल अन् मनगट यासमोर आमचे दोन वर्षांचे ब्लू बेल्टवाले (जुजित्सूत पांढऱ्यानंतरचा बेल्ट) टिकत नाहीत. एकेरी पट, ढाक, धोबीपछाड लागला की आपण वर पाहत असतो.

फरक पडतो तो पडल्यानंतर. मातीच्या कुस्तीत पाठ टेकली, चितपट झाला, की खेळ संपला. जुजित्सूत तिथून पुढे खेळ सुरू होतो, पाठीवर पडूनही दोन्ही पायांनी समोरच्याला अडवून गळा किंवा हात धरता येतो. म्हणून पैलवानाला दोन सवयी नडतात. एक म्हणजे पाठ वाचवायला तो पोटावर उलटतो अन् आपली पाठ समोरच्याला देतो, कुस्तीत ते बरोबर आहे पण जुजित्सूत पाठ देणं म्हणजे गळा देणं. दुसरी म्हणजे दुहेरी पट काढताना (दोन्ही पाय धरून पाडताना) मान खाली अन् डोकं बाहेर, तिथे वरून काखेत मान सापडते, त्याला गिलोटिन म्हणतात. या दोन गोष्टी सांगितल्या की चांगला पैलवान महिन्याभरात सुधारतो, अन् मग त्याला आवरणं मुश्किल असते.

अन् माझी एक मनापासूनची गोष्ट. आपल्या विदर्भात पकडीचं शिक्षण बाहेरून आलं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ ला त्यांचे लोक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडलही कुस्तीचंच, १९५२ ला हेलसिंकीला खाशाबा जाधवांचं ब्राँझ. तर आखाड्यात जायची संधी असेल तर एसीतला मॅट शोधत बसू नका, जोर-बैठका मारा, माती अंगाला लावा, मग इकडे या.

मी कराटे ब्लॅक बेल्ट आहे, दहा वर्षं वाया गेली का?

नाही भाऊ. अंतर कळणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे अन् ती तुम्हाला आली आहे. ल्योटो माचिदा शोतोकान कराटेवाला, २००९ ला यूएफसीचा लाईट हेवीवेट चॅम्पियन झाला, तेच सरकणं अन् अचानक आत येणं. आपली पूजा तोमर वुशूमधून आली अन् जून २०२४ ला यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय झाली.

फक्त एक पाहा. पॉइंट फाईटमध्ये एक फटका लागला की पंच थांबवतो, त्यामुळे फटका मारल्यावर हात खाली सोडायची सवय लागते. मलाही लागली होती, ती मोडायला वर्ष गेलं. अन् कोणी तुम्हाला धरलं तर काय, याचं उत्तर कराटेच्या क्लासमध्ये बहुतेक वेळा न झगडणाऱ्या जोडीदारावर शिकवतात, त्याने मनगट धरलं, तुम्ही सोडवलं, तो पडला. खरा माणूस पडत नाही. सहा महिने पकड करा, बाकी सगळं तुमच्याकडे आहे.

स्पारिंगमध्ये डोक्याला किती मार चालतो?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, मीच काढतो.

मी बॉक्सिंग सुरू केलं तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात मला माझ्यापेक्षा पंधरा किलो जड मुलासमोर उभं केलं. कानाच्या वर एक हुक, म्हणजे बाजूने फिरवलेला ठोसा बसला, पडलो नाही, राऊंड पूर्ण केला, सगळ्यांनी पाठ थोपटली. गाडीने घरी निघालो अन् व्हरायटी चौकात सिग्नल सुटला तरी मला कळेना की घराकडे जायला कुठे वळायचं. रोजचा रस्ता होता तो. मागून हॉर्न वाजत होते. रात्री उलटी झाली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सांगितलं तर कोच म्हणाले, सुरुवातीला होते असं, डोकं तयार होते हळूहळू, अन् परत रिंगमध्ये उतरवलं. महिनाभर डोकं दुखत राहिलं, पुस्तकाचं पान वाचून झालं की वरचं आठवायचं नाही, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो अन् त्यांनी जे सुनावलं ते आजही लक्षात आहे.

डोकं तयार होत नाही. नडगी लाथा मारून कडक होते, हाताची कातडी जाड होते, पण मेंदू कवटीच्या आत पाण्यात असल्यासारखा असतो, डोकं झटक्यात फिरलं की तो आत हलतो अन् त्याचं नुकसान होऊ शकते. हेडगार्ड घातलं की झालं असं समजू नका, त्याने भुवई फुटणं अन् खरचटणं वाचते, आतलं हलणं नाही. २०१६ च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच खेळतात.

तर माझ्याकडे नियम असे आहेत. पहिले तीन महिने डोक्यावर काहीच नाही, फक्त अंगावर अन् खांद्याला हात लावायचा खेळ. नंतर हलकं स्पारिंग, इतकं हलकं की दोघं बोलू शकले पाहिजेत. फटक्यानंतर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद, गाडी चालवायची नाही, डॉक्टरकडे जायचं, अन् डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत यायचं नाही. आधीचा मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जीवावर बेतू शकते. उलट्या सुरूच राहिल्या, झोपेतून उठवता येईना, एक बाजू लुळी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच इमर्जन्सी.

मग ग्रॅपलिंग एकदम सेफ?

एकदम सेफ काहीच नाही. गुडघे, खांदे, बोटं, मान, हे जपावं लागते. सगळ्यात बदमाश म्हणजे हील हुक, टाच धरून पाय पिळायचा डाव. हाताच्या लॉकमध्ये आधी दुखते मग तुटते, हील हुकमध्ये कधी कधी दुखायच्या आधीच गुडघ्याचे लिगामेंट जातात. आयबीजेजेएफच्या (जुजित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना) स्पर्धेत तो फक्त ब्राऊन अन् ब्लॅक बेल्टच्या मोठ्यांना, तेही नो-गीमध्येच, म्हणजे गी (जाड सुती डगला-पायजमा) न घालता खेळतात त्यातच चालतो. नवीन माणसाला कोणी हील हुक लावत असेल तर त्याच्यासोबत खेळू नका.

गळा आवळण्याबद्दल: मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या की साधारण दहा सेकंदात शुद्ध हरपते. क्लासमध्ये उस्ताद समोर असताना, टॅपला सोडणाऱ्या माणसासोबतच हे करायचं. घरी भावावर, हॉस्टेलवर मित्रावर ट्राय करायचं नाही, प्लीज.

कान घासून सुजला तर त्यात रक्त साचते अन् काही दिवसांत कडक होऊन तसंच राहते. वाचवायचा असेल तर एक-दोन दिवसात डॉक्टरकडून काढून घ्या, सुई स्वतः टोचू नका.

अन् कातडी. नागपुरात पाऊस सुरू झाला की घाम वाळत नाही अन् मॅटवर गजकर्ण पसरते, एकाला झालं की पंधरा दिवसांत अर्ध्या बॅचला. गोल लाल चट्टा दिसला की लोक मेडिकलमधून कोणतीतरी मलम आणतात, त्यात स्टेरॉइड असते, दोन दिवस खाज थांबते, वाटते बरं झालं, अन् आतून ते आणखी पसरते, मग महिनोन् महिने गोळ्या. सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, बरं होईपर्यंत मॅटवर येऊ नका. बाकीच्यांनी क्लास झाल्या झाल्या अंघोळ, कपडे रोज धुतलेले, नखं कापलेली, अन् बाथरूमला अनवाणी जाऊन तसंच मॅटवर यायचं नाही. हे नियम मी कडक पाळायला लावतो, लोकांना राग येतो, येऊ दे.

मुलगा सात वर्षांचा आहे, कशात टाकू?

ज्युडो, कुस्ती किंवा मुलांचं जुजित्सू. पडायचं कसं हे एवढं जरी शिकला तरी सायकलवरून, झाडावरून पडताना कामी येते. बॉक्सिंगचं फुटवर्क, दोरीवरच्या उड्या, पॅडवर मारणं हेही खुशाल करू द्या, पण डोक्यावर मारायचं स्पारिंग नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये कॅनडावाल्यांसोबत मिळून मुलांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध केला, कारण हेच, मेंदू अजून वाढतोय. आठ वर्षांच्या मुलांना एकमेकांसमोर उभं करून "मार, मार" म्हणणारे पालक मी पाहिलेत. काकू, दादा, तसं करू नका.

मुलीला पाठवायचं आहे, पण मुलांसोबत जमिनीवर लोळावं लागते म्हणतात.

ही काळजी खरी आहे अन् त्यात लाजायचं काही नाही. आधी तुम्ही स्वतः येऊन दोन क्लास पूर्ण बसून पाहा. जिथे पालकांना बसू देत नाहीत तिथे पाठवू नका. मुलींची वेगळी बॅच आहे का, जोडीदार निवडायचा अन् नाही म्हणायचा हक्क मुलीला आहे का, कोच हात लावून डाव दाखवायच्या आधी विचारतो का, हे पाहा.

पण पकड टाळू नका एवढं सांगतो. मुलीवर हल्ला करणारा माणूस बहुतेक जास्त जड असतो अन् लांबून ठोसे मारत नाही, तो धरतो, ढकलतो, खाली दाबतो. खाली दबलेलं असताना न घाबरता, श्वास सांभाळून कंबर उचलून बाजूला सरकणं, गुडघा मध्ये घालणं अन् उठून पळणं, हे फक्त ग्रॅपलिंग शिकवते. माझ्या बॅचमधल्या मुलींचं हे महिन्याभरात पक्कं होते, अन् त्यांच्या चालण्यात फरक दिसतो.

आवड बॉक्सिंगची असेल तर तेही करू द्या. आपल्याच नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ ला पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत गोल्ड आणलं.

रस्त्यावर भांडण झालं तर काय कामी येते?

पाय. पळा. इतकी वर्षं शिकवून मी हेच सांगतो.

पळता येत नसेल तर मग दोन्हीतलं थोडं थोडं. सिमेंट रोडवर पाठीवर पडून जुजित्सू खेळायचं नसते, अन् तो एकटा नसतो, पाच मिनिटांत चौघं येतात. तर मिठीत धरा, पाडा, स्वतः उभे राहा, निघा. ठोसा मारायचाच झाला तर ग्लोव्ह नसताना नुसत्या मुठीने डोक्यावर मारू नका, कवटी कडक असते अन् करंगळीच्या मागचं हाड पट्कन मोडते. चाकू दिसला तर मोबाईल, पाकीट, गाडी, सगळं देऊन टाका.

कायदाही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाच्या हक्काची आहेत. पण कलम ३७ सांगते की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. म्हणजे तो पडला, ढिला झाला, तरी तुम्ही गळा सोडला नाही, तर तुम्हीच आरोपी.

वय ४२ आहे, चालेल का?

चालेल. बीपी-शुगर तपासून या, आठवड्यात दोनच दिवस या, अन् विशीतल्या पोट्ट्यांसोबत जिद्दीला पेटू नका.

मे महिन्यात ४५ डिग्रीत क्लास कसा करायचा?

सकाळी सहाला किंवा रात्री आठनंतर. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, क्लासला येऊन एकदम लिटरभर नको, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी सगळ्यात भारी. जाडा गी उन्हाळ्यात जमत नसेल तर टीशर्ट-शॉर्ट्सवर नो-गी करा. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून धावणं तर अजिबात नाही. १९९७ ला अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच पाणी तोडून वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने गेले, अन् तिथे तेव्हा हिवाळ्याचे दिवस होते.

सामान काय घेऊ?

पहिल्या महिन्यात काहीच नाही. टिकलात तर माऊथगार्ड सगळ्यात आधी, दोन्ही खेळांना लागते. बॉक्सिंगला साडेचार मीटरचे हँडरॅप (हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) अन् स्पारिंगसाठी १४ किंवा १६ औंसचे ग्लोव्ह, बॅगसाठीचे वेगळे ठेवा, कारण बॅगवर दबलेली गादी समोरच्याच्या तोंडावर लागते.

दोन्ही सोबत करायचं असेल तर आठवडा कसा लावू?

पहिल्या वर्षानंतर. तीन दिवस पकड, दोन दिवस ठोसे, अन् त्यातला एक दिवस असा ठेवा की ज्यात दोन्ही जोडलेलं असेल: ठोशाखालून पाय धरायला जाणं, पाय धरायला आलेल्याला कंबर मागे टाकून अडवणं, भिंतीला लागून उभं राहणं. नुसतं सोमवारी बॉक्सिंग अन् मंगळवारी जुजित्सू केलं तर दोन खेळ येतात, पण मधला सांधा येत नाही अन् समोरचा नेमका तिथेच शिरतो. स्पारिंगच्या दुसऱ्या दिवशी डोक्याला पूर्ण आराम, त्या दिवशी फक्त हळू पकड किंवा सुट्टी. हा एक दिवस कोणी बदलून मागितला तर मी देत नाही.